थळघाट चढून नाशकात

खिडकीची झडप ओढा, बोगदा आला! राहिलीच ना? आता बसा डोळे चोळत. कोळशाचा कण एकदा डोळ्यात गेला की नाशकापर्यंत खुपतो.

साल १९०५. तुमची गाडी कसाऱ्याहून थळघाट चढते आहे. तिसऱ्या वर्गाचा डबा, लाकडी बाकं, मांडीला मांडी. डब्यात संडास नाही, म्हणून आजीनं कालपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. समोरच्या बाईच्या फडक्यातून लसणाच्या चटणीचा वास येतोय, त्यात घाम आणि धूर. ३७ फूट सरकावं तेव्हा गाडी १ फूट वर येते. इंजिनाची धाप बाकातून थेट तुमच्या पाठीत शिरते.

आणि मध्येच गाडी थांबते. पुढे रूळच नाहीत! घाबरू नका. इंजिन सुटतं, मागच्या टोकाला जाऊन जुंपतं आणि गाडी उलट्या दिशेनं वरच्या रुळावर निघते. इतका वेळ पुढे तोंड करून बसलेले तुम्ही आता पाठमोरे डोंगर चढताय. पोटात कालवतं. बोगद्याच्या तोंडाशी कातळ नीट बघून घ्या. १८६५ साली ही वाट खुली झाली, ती या काळ्या दगडाशी झुंजलेल्या माणसांच्या जिवावर. त्यांची नावं कोणी आपल्याला सांगितली नाहीत.

इगतपुरीला गार वारा. बाकावर आजीचं सोवळं केव्हाच मोडलंय, पण पाण्यावर ती अडून बसते. ब्राह्मण पाणक्या आल्यावरच तांब्या पुढे करते आणि घटाघटा पिते.

नाशिक रोडला उतरलात, पण नाशिक कुठाय? गोदावरी अजून पाचेक मैल लांब! गाडी गावात गेली नाही, तेव्हा वस्तीच रुळांकडे सरकू लागली आहे. वीसेक वर्षांनी इथे सरकारी छापखाना येईल, देशभरची पोस्टाची तिकिटं इथून निघतील. आज मात्र धूळ, टांगेवाल्यांची ओढाताण, लिदीचा वास आणि चार घोड्यांची ट्राम. चढा, वळकटी मांडीवर घ्या. घोडे उधळल्यासारखे सुटतात, आजी रामनाम घेते.

"गाव कोणतं? आडनाव?" पंचवटीत उपाध्ये वही उलगडतात. पिवळ्या पानांना कापराचा, जुन्या शाईचा वास. बोट एका ओळीवर थांबतं. तुमचे खापरपणजोबा. पायी आलेले, एकटे.

उपाध्ये बोरू शाईत बुडवतात.

"हं, सांगा. बरोबर कोण कोण?"

तुम्ही सांगू लागता. आजी, आई, आत्या, दोघी काकू, विधवा मावशी, पाच मुलं, तान्हं बाळ. उपाध्ये लिहिता लिहिता पान उलटतात.