बोरघाटाची वाट

पनवेलहून पुण्यास सायकलीने जाऊ इच्छिणाऱ्यास वाट निवडण्याचे स्वातंत्र्य थोडेच; ती दोनशे वर्षांपूर्वीच ठरून गेली आहे. इ. स. १८०४ मध्ये जनरल वेलस्लीने तोफा नेण्याकरिता बोरघाटाची वाट सुधारविली. पुढे गव्हर्नर माल्कम याच्या कारकीर्दीत, १८३० साली, तेथून गाड्या जाऊ लागल्या. तोवर माल बैलांच्या पाठीवरूनच चढे.

पण घाटात मार्ग दाखविला कोणी? लोककथा शिंगरोबा धनगराचे नाव घेते. त्याने साहेबास वाट दाखविली आणि बक्षीस मिळाले ते बंदुकीच्या गोळीचे! कथा खरी असो वा नसो, त्याचे देऊळ जुन्या रस्त्यावरच आहे, आणि धापा टाकीत आलेला सायकलस्वार तेथे थांबल्यावाचून राहत नाही.

पायथ्याशी खोपोलीस नाना फडणिसांनी तलाव बांधविला. खंडाळ्यापर्यंतची सुमारे दीड हजार फुटांची चढण तेथून सुरू होते. प्रवाशाला पाणी कोठे लागेल, हे नानांनी अचूक हेरले होते.

१८६३ साली आगगाडी घाट चढली, ती कर्जतवरून. पनवेल बाजूस पडले. २००२ साली पुऱ्या झालेल्या द्रुतगती मार्गावर सायकलीस मज्जावच आहे. म्हणून जुनाच रस्ता धरावा लागतो. मात्र माथ्याजवळ दोन्ही रस्ते काही अंतर एकत्र येतात. तेवढा टप्पा उजाडताच, रहदारी वाढण्यापूर्वी, ओलांडावा.