तोरड्यांची चांदी

चांदीचं नाणं हातात आलं की आजी आधी ते तळव्यावर तोलायची आणि मग फरशीवर वाजवायची. राणीछाप, राजाछाप रुपयांच्या गोष्टी ऐकत ती वाढली होती. त्या रुपयात बारा भागांतले अकरा भाग चांदी असे आणि वजन बरोबर एक तोळा. म्हणून वैद्याची औषधंसुद्धा ‘रुपयाभार’ मोजून मिळत. १९४० मध्ये, महायुद्धाच्या दिवसांत, सरकारने ती चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला. “दिसायला रुपया, पण खणकच नाही,” आजी म्हणायची.

१९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं निघालं आणि आमच्या वर्ध्याच्या घरात पुन्हा खणखणीत चांदी वाजली. प्रजासत्ताक भारताचं हे पहिलं चांदीचं नाणं. वजन १५ ग्रॅम, त्यात ८० टक्के चांदी आणि बाकी तांबं. म्हणजे निव्वळ चांदी १२ ग्रॅम, जुन्या कलदार रुपयापेक्षाही जास्त.

घरातल्या मोठ्यांना हे नाणं पाहिलं की एकच गोष्ट आठवे. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींचा हरिजन दौरा वर्ध्याहूनच सुरू झाला. गावोगावच्या बायका अंगावरचे दागिने काढून निधीला देत होत्या. आमच्या पणजीने पायातल्या तोरड्या दिल्या. त्या उतरवताना घोट्याला तेल लावावं लागलं, इतक्या घट्ट बसल्या होत्या. त्यानंतर छत्तीस वर्षांनी त्याच माणसाचा चेहरा चांदीवर उमटून घरी आला, तेव्हा पणजी नव्हती. आजीने ते नाणं तिच्या नावाने देवघरात ठेवलं. त्याच वर्षीच्या स्मारक नोटांवर सेवाग्रामची कुटी होती. आमच्या गावापासून दोन-अडीच कोसांवरची ती जागा नोटेवर बघून आजोबा हरखून गेले होते.

मला नाण्याची घडण फार आवडते. ३४ मिलिमीटरच्या वर्तुळात फक्त गांधीजींचं मस्तक. चरखा नाही, काठी नाही. नाणं कोणत्या साली पाडलं तेही लिहिलेलं नाही. आहेत ती दोनच सालं, १८६९ आणि १९४८. त्यांच्याखाली मुंबईच्या टाकसाळीची बारीक खूण असते, कलकत्त्याच्या नाण्यावर ती नसते. मागच्या बाजूला अशोकस्तंभाचे सिंह.

पुढे १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं दहा रुपयांचंच नाणं आलं. साडेबावीस ग्रॅमचं, चांगलं रुंद, पण चांदी निम्मीच. आजीने तोललं, वाजवलं आणि परत दिलं. चांदीचा भाव चढला तशी गांधीजींची कितीतरी नाणी सोनाराच्या मुशीत गेली, असं आजोबा सांगत. आमचं वाचलं. मात्र आजी दर दिवाळीला ते रांगोळीने घासायची, त्यामुळे कानाजवळची कोरीव रेघ पुसट झाली आहे. संग्राहक अशा नाण्याला कमी किंमत देतात. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. मला विचाराल, तर टाकसाळीतून आलेलं कोरं करकरीत नाणं दिलं तरी मी हे बदलून घेणार नाही.