कन्सोल खेळांचे संगणकीय रूपांतर

कन्सोलची घडण ठरीव असते, वैयक्तिक संगणकाची नसते. रूपांतरित खेळांच्या मंदगतीचे मूळ बव्हंशी येथेच आढळते. प्लेस्टेशन ४ (२०१३) मध्ये मुख्य व ग्राफिक्स प्रोसेसर यांना ८ जीबी स्मृती सामाईक होती. संगणकात सामान्यतः दोहोंची स्मृती वेगळी असून माहितीची ने-आण करण्यात वेळ जातो. शिवाय शेडर नावाच्या चित्ररेखन-आज्ञावल्या कन्सोलसाठी आधीच सिद्ध करून देता येतात. संगणकावर त्या ग्राहकाच्या यंत्रातच सिद्ध होतात व खेळ अडखळतो. ‘बॅटमॅन : आर्कम नाइट’ची संगणक-आवृत्ती जून २०१५ मध्ये आली. सेकंदाला ३० चित्रांची मर्यादा घालूनही महागड्या संगणकांवरही ती गती टिकेना. पूर्ण किंमत मोजलेल्या ग्राहकांचा रोष रास्तच होता. प्रकाशकाने लगेच विक्री थांबविली. ती ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाली, तेव्हा असंतुष्टांना पैसे परत देऊ करण्यात आले.