टाचणवही कुणासाठी? भावनगर ते कोसबाड, एका प्रश्नाचा प्रवास

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण घरात कुणी शिक्षक असेल, किंवा लेकरू अंगणवाडीत नाहीतर झेडपीच्या शाळेत जात असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

शिक्षकांवर बोलायला आपल्याकडे सगळेच तयार असतात. पगार किती, सुट्ट्या किती, निकाल किती, हे विषय पारावर आणि चहाच्या टपरीवर रोज निघतात. पण शिक्षक आपलं शिकवणं सुधारतो कसं, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. वीस वर्षं शिकवलेला माणूस पहिल्या वर्षापेक्षा बरं शिकवतो का? शिकवत असेल तर कशामुळे? साहेब येऊन तपासून गेले म्हणून, प्रशिक्षण झालं म्हणून, की आणखी कशामुळे?

याचं एक उत्तर आपल्याच मातीत आहे. पण त्याची सुरुवात शेजारच्या गुजरातेत झाली, म्हणून आधी भावनगरला जाऊ.

गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. जन्म 1885 चा. चांगली चाललेली वकिली होती. पण मुलगा झाला आणि त्याला कसं वाढवायचं, कसल्या शाळेत घालायचं, हा विचार डोक्यात शिरला. त्या काळची शाळा म्हणजे छडी, घोकंपट्टी आणि गप्प बसणं. माँटेसरीबाईंचे विचार त्यांनी वाचले आणि 1916 मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. 1920 मध्ये तिथे बालमंदिर सुरू झालं. लोक त्यांना प्रेमानं 'मूछाळी माँ' म्हणत, म्हणजे मिशीवाली आई.

गिजुभाईंचं 'दिवास्वप्न' हे पुस्तक बऱ्याच शिक्षकांनी वाचलं असेल. मराठीतही ते आहे. गोष्ट कल्पित आहे, पण अनुभव वर्गातलेच आहेत. लक्ष्मीराम नावाचा एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि म्हणतो, मला एक वर्ष चौथीचा वर्ग द्या, मला प्रयोग करायचाय. वर्ग मिळतो. पहिल्या दिवशी तो मोठ्या तयारीनं 'शांततेचा खेळ' घ्यायला जातो. आणि तो खेळ पार फसतो! पोरं दंगा करतात, वर्ग डोक्यावर घेतात. शेवटी तो मुलांना सुट्टी देऊन टाकतो, आणि त्यावरून हेडमास्तरांचं बोलणं खातो.

मला या पुस्तकात सगळ्यात मोलाचं वाटतं ते यानंतर जे घडतं ते. लक्ष्मीराम घरी जाऊन पोरांना शिव्या घालत बसत नाही. "ही मुलंच तसली" असं म्हणत नाही. तो आपल्या तयारीकडे बघतो. घरी बसून ठरवलेला खेळ या मुलांना चालणारा नव्हता, हे तो ओळखतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला सुरुवात करतो आणि वर्ग चिडीचूप होतो. गोष्टीतून वाचन येतं, खेळ येतो, पुढे इतिहास-भूगोलही येतो.

प्रयोग फसल्यावर शिक्षकानं बोट कुणाकडे दाखवायचं, हा या सगळ्यातला मुद्दा. गिजुभाईंनी ते आधी स्वतःच्या पद्धतीकडे वळवलं.

आता या गोष्टीत आपल्या ताराबाई मोडक येतात. 1892 सालचा मुंबईतला जन्म, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. बाई शिकणं हेच जेव्हा अप्रूप होतं तेव्हाची ही गोष्ट. राजकोटला मुलींच्या अध्यापक विद्यालयात चांगलं मानाचं पद होतं. ते सोडून त्या 1923 च्या सुमारास गिजुभाईंसोबत काम करायला भावनगरला गेल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. 'शिक्षणपत्रिका' निघाली, आधी गुजरातीत, मग मराठीतही. वर्गात काय केलं, का केलं, हे शिक्षकांनी एकमेकांना लिहून सांगायची सोय झाली. आज आपण व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो तसंच, फक्त जरा विचार करून लिहिलेलं. 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. शहरातल्या मध्यमवर्गीय मुलांसाठी ते उत्तम चाललं.

तिथेच थांबल्या असत्या तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण खेड्यातल्या मुलाचं काय, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. माँटेसरी पद्धतीची साधनं महाग. घासूनपुसून गुळगुळीत केलेले लाकडी ठोकळे, मापाचे दांडे, रंगीत फळ्या. गरिबाच्या पोराला हे कोण आणून देणार?

1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचं आयुष्य म्हणजे वेगळी पोस्ट होईल. मोरगावच्या, 1910 चा जन्म. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्यातून शिकून शिक्षिका झाल्या. पुण्याच्या हुजूरपागेत अनेक वर्षं शिकवलं. म्हणजे बोर्डीला आल्या तेव्हा त्या कसलेल्या शिक्षिका होत्या.

पण बोर्डीत दोघींचाही अनुभव अपुरा पडला. गावात बालवाडी सुरू झाली, मुलं यायलाही लागली. पण ज्यांना तिची खरी गरज, ती दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुलं काही येईनात. आता अशा वेळी आपल्याकडे काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. "आई-बापांना शिक्षणाचं महत्त्वच नाही." संपला विषय! फलकावर पटसंख्या लिहायची, अहवालात 'पालकांची उदासीनता' लिहायची आणि मोकळं व्हायचं.

या दोघींनी तसं केलं नाही. मूल येत नाही, तर आपल्या शाळेत काय चुकतंय, असा प्रश्न त्यांनी लावून धरला. आणि मूल येत नसेल तर शाळाच त्याच्या दारात न्यायची, असं ठरवलं. वस्तीतल्या घरासमोरच्या अंगणात बालवाडी भरू लागली. अंगणात भरणारी बालवाडी, म्हणून अंगणवाडी. हा शब्द कुठल्या मंत्रालयात बसून शोधलेला नाही, तो असा अंगणात जन्मला. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, बांबू आले. मोजायचं तेच, वर्गवारी तीच, रंग-आकार तेच. फक्त वस्तू मुलाच्या ओळखीची.

काळ कसला होता तेही बघा. त्याच 1945 साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकारानं डहाणू-उंबरगाव पट्ट्यातले वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. जमीनदाराच्या शेतात फुकट राबणाऱ्या आई-बापांच्या लेकरांना शिकवायचं, तर आधी त्यांचा दिवस कसा जातो ते समजून घेणं भागच होतं.

पुढे 1950 च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे पुन्हा तेच. शाळेत मूल का नाही? कारण मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी बसते. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि ताई वर्गात. त्याला नाव दिलं विकासवाडी. पोरगा गुरं राखायला जातो, दिवसभर कुरणात असतो? मग शाळा कुरणात. तिचं नाव कुरणशाळा. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रशाळा.

एक गोष्ट ध्यानात घ्या. यातली एकही कल्पना पहिल्या दिवशी कागदावर नव्हती. आधी काहीतरी कमी पडलं, मग "का?" विचारलं, मग थोडं बदललं, पुन्हा पाहिलं. वर्षानुवर्षं हेच चाललं. स्वतः अनुताई पन्नाशी ओलांडल्यावर बी.ए. झाल्या. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री. ताराबाई 1973 मध्ये गेल्या, त्यानंतर 1992 पर्यंत अनुताईंनी ते काम ओढलं.

2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशभर लाखो अंगणवाड्या आहेत. नाव सगळीकडे गेलं. त्या नावामागचा प्रश्न गेला का, हे मात्र आपापल्या गावात बघा.

1983 मध्ये डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकानं आपल्या कामाकडे काम करता करता मागे वळून बघणाऱ्या व्यावसायिकांवर पुस्तक लिहिलं. आज बी.एड.च्या अभ्यासक्रमात त्या विचारावर धडे आहेत. चांगलंच आहे. पण त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे हे झालं होतं, एवढं तरी भावी शिक्षकांना सांगायला हवं.

आता आजचं. आमच्या भागातल्या शाळांत बातमीच्या निमित्तानं माझं जाणं-येणं असतं. शिक्षकाकडे टाचणवही असते. उद्या काय शिकवायचं, कसं शिकवायचं, याचं टाचण आदल्या दिवशी काढायचं, ही मूळ कल्पना उत्तम आहे. पण बहुतेक ठिकाणी ती वही साहेबांच्या सहीसाठी भरली जाते. एका बाईंनी मला दोन वह्या दाखवल्या. एक तपासणीची, सुबक अक्षरातली, तिच्यात प्रत्येक पाठ यशस्वी. दुसरी साधी शंभर पानी, खडूच्या धुळीनं माखलेली. तिच्यात लिहिलेलं, "हातच्याची वजाबाकी. अकरा जणांना कळली नाही. उद्या काड्यांचे गठ्ठे सोडवून दाखवायचे." दुसऱ्या दिवसाच्या नोंदीत, "आता चारच उरले."

मी म्हटलं, "बाई, ही वही साहेबांना दाखवत का नाही?" त्या हसून म्हणाल्या, "दादा, अकरा जणांना कळलं नाही असं लेखी कोण देईल?"

सगळं दुखणं या एका वाक्यात आहे. नव्या शैक्षणिक धोरणानं 2020 मध्ये शिक्षकांसाठी दरवर्षी किमान 50 तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली. केंद्रपातळीवर शिक्षण परिषदा भरतात. दीक्षा ॲप आहे. साधनं कमी नाहीत. पण ज्या व्यवस्थेत न जमलेलं सांगितलं की नोटीस येण्याची भीती वाटते, तिथे शिक्षक खरं बोलणार नाही. आणि खरं बोलल्याशिवाय काय बदलायचं ते कळणार नाही. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाईन माहिती, मतदारयादीचं काम. विचार करायला निवांत अर्धा तास कुठून आणायचा?

काही शिक्षक या सगळ्याआड लपतात, हेही खरं. पंधरा वर्षं तेच टाचण उतरवून काढणारेही आहेत. त्यांचं समर्थन मी करत नाही. पण त्यांच्यामुळे त्या दुसऱ्या वहीवाल्या बाईंना शिक्षा कशाला?

माझं म्हणणं साधं आहे. शिक्षण परिषदेत भाषणं आणि परिपत्रकांचं वाचन आटपतं घ्या. प्रत्येक शिक्षकानं महिन्यातला एक न जमलेला पाठ सांगावा, बाकीच्यांनी त्यावर उपाय सुचवावा, आणि त्याची कुठेही कारवाईसाठी नोंद होऊ नये. अधिकाऱ्यांनी भेटीत "सगळं झालं का?" याऐवजी "काय जमत नाहीये?" असं विचारावं. आणि आपण पालकांनी, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला फक्त सहीपुरतं जाऊ नये. मुलाला काय कळलं नाही हे गुरुजींना शांतपणे सांगावं, भांडायला म्हणून नको, मदत म्हणून.

बोर्डीत ताराबाईंना मुलं येत नाहीत हे उघड कबूल करता आलं, म्हणून अंगणवाडी झाली. कबूल करायची सोय नसती, तर 'पालकांची उदासीनता' लिहून फाईल बंद झाली असती.

तुमच्या गावात अशी दुसरी वही ठेवणारे गुरुजी किंवा बाई असतील, तर त्यांनी नेमकं काय बदललं ते कमेंटमध्ये लिहा. नाव नाही दिलंत तरी चालेल. आणि ही पोस्ट तुमच्या केंद्राच्या ग्रुपवर टाका. साहेब त्या ग्रुपवर असतील तर आणखी बरं.