रामगिरीचा हिवाळा

नागपूरच्या इतवारींत कार्तिक लागतो तेव्हां लक्ष्मीपूजन आटोपून व्यापाऱ्यांच्या नव्या वह्या सुरू झालेल्या असतात. सराफ्याच्या आणि कापडाच्या अरुंद गल्ल्यांतून आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसते; पण तिचा रंग पालटला आहे, हें कोणाच्याही ध्यानांत येतें. पहाटे पांघरूण ओढून घ्यावेंसें वाटतें, आणि रामटेकच्या जत्रेच्या गोष्टी निघूं लागतात. रामटेक येथून सुमारें ५० किलोमीटरांवर आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास तो डोंगर चढून जाण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची. तिचें मूळ शोधूं लागलें असतां मन दीड हजार वर्षें मागें जातें.

महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं ‘मेघदूतां’तील रामगिरि तो हाच, असें साधार प्रतिपादन केलें. कांहीं विद्वानांनीं सरगुजाकडील रामगढचा पक्ष घेतला. परंतु विदर्भांत मिराशींचेंच मत रुजलें आहे. कुबेराच्या शापानें एक वर्षाची हद्दपारी भोगणारा यक्ष या डोंगरावर राहतो आणि आषाढांत मेघ पाहून व्याकुळ होतो, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. म्हणूनच रामगिरि म्हटला कीं डोळ्यांपुढें पावसाळा उभा राहतो.

परंतु काव्यांतील कालगणना नीट पाहिली तर निराळीच गोष्ट हातीं लागते. विष्णु शेषशय्येवरून उठेल त्या दिवशीं, म्हणजे कार्तिक शुद्ध एकादशीस, शाप संपावयाचा आहे. आणि यक्षापाशीं उरले आहेत चारच महिने. तेव्हां वर्षभराच्या या शापाचा आरंभही कार्तिकांतच झाला असला पाहिजे. हेमंत आणि शिशिर हे दोन्ही ऋतु यक्षानें याच माथ्यावर काढले. काव्य सुरू होतें तेव्हां ते सरून गेलेले आहेत, आणि रामगिरीवरील त्या हिवाळ्याचें वर्णन कवीनें केलेलें नाहीं. विरही मनुष्याला थंडीची मौज ती कसली!

कवीनें जें सोडून दिलें, त्याचा धागा ताम्रपटांत सांपडतो. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचें नगरधन. तेथें २०१५ ते २०१८ या काळांत झालेल्या उत्खननांत राणी प्रभावतीगुप्ता हिची मातीची मुद्रा मिळाली. ही गुप्तसम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या. पति दुसरा रुद्रसेन अकालीं वारला आणि पुत्र लहान. तेव्हां पांचव्या शतकाच्या आरंभीं राज्याची धुरा तिनेंच वाहिली. ‘पुणें ताम्रपट’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें तिचें दान कार्तिक शुद्ध द्वादशीचें आहे; आणि ऋद्धपूरच्या ताम्रपटांत रामगिरिस्वामीच्या चरणांचा स्पष्ट उल्लेख येतो. एकादशीचा उपवास सोडण्याचा तो दिवस. यक्षाचा शाप ज्या तिथीस संपतो, तिच्या दुसऱ्याच दिवशीं ही विधवा राणी आपलें दान देवाच्या पायांशीं ठेवीत होती.

या ऋतूंत डोंगरावर येणाऱ्याला काय दिसतें? मोसमी वारे परतलेले असतात, पावसानें धूळ बसलेली असते आणि उत्तरेची कोरडी हवा वाहूं लागते. रात्रीं थंड होऊन जड झालेली हवा उतारावरून खालीं सरकते व सखल भागांत सांचते. त्यामुळें पहाटे धुकें पसरतें तें तलावांवर आणि शेतांवर. माथा पुष्कळदां उघडाच राहतो. नृसिंहाच्या वाकाटककालीन देवळांपाशीं उभें राहिलें असतां पायथ्याचा अंबाळा तलाव अगोदर झांकलेला असतो. ऊन चढलें कीं त्याचें पाणी चमकूं लागतें, आणि मग भाताचीं कापलेलीं शेतें नगरधनच्या दिशेनें दूरवर उलगडत जातात. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर चढतो तेव्हां हाच देखावा धुळीनें धुरकट होतो.

इंग्रजी अमदानीनें डोंगराकडे पाहण्याची निराळी दृष्टि आणली. १८६१ सालीं मध्यप्रांत स्थापन झाला, नागपूर राजधानी झालें आणि सरकार उन्हाळ्यांत पचमढीस जाऊं लागलें. वऱ्हाडांतील साहेबलोक चिखलदरा गांठीत. डोंगर म्हणजे उकाड्यांतून सुटका, आणि तीही बंगला परवडेल त्याची, अशी समजूत शहरांतही रूढ झाली. १९५६ सालीं पचमढी मध्यप्रदेशांत राहिली व नागपूर मुंबई राज्यांत आलें. नागपूरपुरती उन्हाळी राजधानीची गोष्ट तेथेंच संपली.

रामटेकच्या वाटेला अशा बंगल्याची गरज कधींच पडली नाहीं. पौर्णिमेस गडावर त्रिपुर पेटतो. पेढीवरचा शेठ आणि पोतीं वाहणारा हमाल एकाच पायऱ्यांवर दम खात बसतात, एकाच थंडीनें कुडकुडतात आणि उजाडतांना तोच मुलूख पाहतात. दुसऱ्या दिवशीं इतवारींतील दुकानें उघडावयाचीं असतात, म्हणून मुक्काम रात्रीपुरताच. यक्षाला तेथें सबंध हिवाळा मिळाला होता.