आजीची डीव्हीडी राईट होते आहे

साल 2006, मे महिना. साताऱ्यातल्या घराची माडी. खाली आमरसाची पंगत नुकतीच उठली आहे आणि तुम्ही पत्र्याखालच्या उकाड्यात कॉम्प्युटरसमोर बसला आहात. मामाच्या हँडीकॅममधली साठ मिनिटांची मिनीडीव्ही कॅसेट फायरवायरच्या केबलमधून आत उतरते आहे. घाई करून उपयोग नाही. तासाभराची कॅसेट उतरायला तासच लागतो आणि ती 13 जीबी जागा खाते. तुमची हार्ड डिस्क अवघी 40 जीबीची. कालच दोन गेम आणि सगळी गाणी उडवलीत.

स्क्रीनवर आजी आहे. सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस. हिरवं नऊवार, कपाळावर घाम, समोर 81 दिव्यांचं तबक. ओवाळणाऱ्या सुनांना ती म्हणते, “पुरे गं बायांनो, डोळ्यांत धूर जातोय,” आणि तोंडाला पदर लावून हसते. पुढे एडिटिंगला बसल्यावर जेवणावळीची वीस मिनिटं तुम्ही बेधडक कापता. या हसण्याला मात्र हात लावत नाही.

मेनूच्या बटणावर ‘औक्षण’ लिहायचं तर सॉफ्टवेअरला देवनागरी येत नाही, नुसते चौकोन उमटतात. मग अक्षरं पेंटमध्ये रंगवून त्यांचं चित्र चिकटवता. रात्रभर मशीन एमपेग-2 बनवत राहतं: पाल पद्धत, 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम.

सकाळी नऊला लोडशेडिंग. यूपीएसवर दहा मिनिटांचाही भरवसा नाही. पूर्ण भरलेली डिस्क चारच्या स्पीडला राईट व्हायला पंधरा मिनिटं घेते. काल 62 टक्क्यांवर लाईट गेली आणि कोरी डिस्क कचऱ्यात गेली. आज साडेआठलाच ट्रे आत ढकलता. डिस्क राईट करणाऱ्या नीरो सॉफ्टवेअरची हिरवी पट्टी सरकते आहे, माऊसला कुणी शिवायचं नाही. 98, 99. मग फायनलाइज. ते झालं नाही तर हॉलमधला प्लेयर डिस्क वाचणारच नाही.

ट्रे बाहेर येतो. डिस्क उलटी धरून खिडकीशी नेता. जांभळट पृष्ठभागावर आतल्या बाजूने एक गडद कडं दिसतं आहे: तेवढा भाग लिहिला गेला. लेझरने रंगाच्या थरावर जागोजागी खुणा केल्या आहेत, आणि त्या खुणा म्हणजेच ते दिवे, तो धूर, तो पदर. आजी जिन्यापाशी उभी आहे. डिस्क तिच्या हातात देता. “गरम आहे की रे,” ती म्हणते.

मग प्रती. ठाण्याच्या आत्याकडे फक्त व्हीसीडी प्लेयर, तिला 352 बाय 288 ची धूसर व्हीसीडी. न्यू जर्सीच्या दादाला एनटीएससी, सेकंदाला सुमारे 30 फ्रेमची. आणि एक घरात ठेवायची, वर मार्करने लिहिलेली.

आता परत या. ती घरची प्रत टीव्हीखालच्या खणात, प्लास्टिकच्या पाऊचमध्ये आहे. राईट केलेल्या डिस्कचा तो थर सेंद्रिय रंगाचा असतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो हळूहळू उतरतो. छापील सिनेमाच्या डीव्हीडीत माहिती प्लास्टिकमध्येच दाबलेली असते, म्हणून ती टिकते आणि घरची जाते. तरीही बहुतेक घरांत लोक निर्धास्त आहेत, एकदा डीव्हीडीवर घेतलं म्हणजे झालं असं समजून. नव्या लॅपटॉपला तर ड्राइव्हच नसतो.

यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मागवा किंवा कुणाकडून मागून आणा. डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. आतलं व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर जसंच्या तसं हार्ड डिस्कवर घ्या आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. डिस्क वाचताना एका जागी अडकली तर सोडून देऊ नका, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एकाला न वाचलेली डिस्क दुसऱ्याला अनेकदा वाचते. येत्या रविवारीच तो खण उघडा.