चमच्याचें मोल

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. फडताळांतला चमचा किंवा मोरींतला साबण यांना त्यांत सहसा जागा मिळत नाहीं. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हिटलरच्या राजवटीनें सुमारें ६० लक्ष ज्यू स्त्रीपुरुषांचा व मुलांचा जो संहार केला, त्यांतून वांचलेल्यांच्या आठवणी वाचूं लागलें कीं अशा क्षुद्र वस्तूच पानोपानीं भेटतात. त्या तेथें कां येतात, याचा आज थोडा विचार करूं.

प्रीमो लेवी हे इटलींतील तूरिन शहरचे रसायनशास्त्रज्ञ. १९४४ च्या फेब्रुवारींत त्यांना फोसोली येथील छावणींतून ऑश्विट्झला नेण्यांत आलें. निघण्याच्या आदल्या रात्रीं तेथील मातांनीं प्रवासाची शिदोरी बांधली, मुलांना न्हाऊं घातलें, त्यांचे कपडे धुतले; आणि उजाडलें तेव्हां छावणीच्या कांटेरी तारांवर ते चिमुकले कपडे वाळत होते. लेवींचें पहिलें पुस्तक १९४७ सालीं अवघ्या २,५०० प्रतींनिशीं निघालें. त्यांत हें दृश्य आहे.

ऑश्विट्झच्या मोनोवित्स छावणींत नव्या कैद्याला सूप मिळे, पण चमचा मिळत नसे. आपल्याकडे हातानें जेवणें हीच रीत असल्यामुळें यांतील बोंच आपणांस एकदम जाणवणार नाहीं. परंतु पातळ सूप हातानें खातां येत नाहीं. तें कुत्र्याप्रमाणें तोंड घालून चाटावें लागे, नाहीं तर वांट्याच्या तुटपुंज्या पावांतून चमचा विकत घ्यावा लागे. चमच्याचें मोल असें भुकेनें चुकवावें लागे. पुढें जानेवारी १९४५ मध्यें छावणी मुक्त झाली, तेव्हां कोठारांत हजारों कोरे चमचे निघाले. शिवाय कैद्यांच्या सामानांतून काढून घेतलेले पोलादाचे, ॲल्युमिनिअमचे, चांदीचेसुद्धां चमचे होतेच. म्हणजे टंचाई नव्हती. माणसाला जनावराच्या पायरीवर उतरविणें एवढाच त्यांत हेतु होता, असा निष्कर्ष लेवी यांनीं १९८६ सालच्या आपल्या पुस्तकांत काढला आहे.

साबणाची कथा थोडी निराळी आहे. पाणी घाण, साबण नाहीं, अंग पुसावयास पंचा नाहीं. मग धुण्यांत शक्ति कां दवडावी, असें लेवींना वाटूं लागलें. तेव्हां पहिल्या महायुद्धांत ऑस्ट्रियाच्या सैन्यांत सार्जंट असलेल्या स्टाइनलाउफ नांवाच्या सोबत्यानें त्यांना बजावलें कीं, साबण नसला तरी तोंड धुतलेंच पाहिजे. आपण मनानें शरण गेलों नाहीं, याची खूण तेवढीच उरली आहे. हा उपदेश लेवींना सर्वस्वीं पटला नाहीं, आणि तसें त्यांनीं प्रांजळपणें लिहिलें आहे. म्हणूनच तो प्रसंग बोधकथा न होतां खरा वाटतो.

त्याच छावणींत एली वीझेल हे पुढें प्रसिद्धीस आलेले लेखक, त्या वेळीं केवळ १६ वर्षांचे, आपल्या वडिलांसह होते. कोणास मारावयाचें हें ठरविण्याच्या तपासणींत वडिलांचा क्रमांक टिपला गेला. त्यांनीं घाईघाईनें आपली सुरी आणि चमचा मुलाच्या हातीं दिला. घर गेलें, दुकान गेलें. बापाजवळ वारसा म्हणून देण्यासारखें एवढेंच होतें. त्या दिवशीं वडील वांचले आणि मुलानें त्या वस्तु परत केल्या. पण १९४५ च्या जानेवारींत बूखेनवाल्ड येथें त्यांचा अंत झालाच.

साहित्यांत प्रतीक कवि निर्माण करतो. येथें तसें झालें नाहीं. चमच्याला प्रथम अर्थ दिला तो छळणाऱ्यांनीं, तो हिरावून घेऊन. वांचलेल्यांनीं त्याच चमच्याची साक्ष काढली, आणि एका बापानें त्याच चमच्याचा वारसा केला.

ऑश्विट्झ येथें १९४७ सालीं संग्रहालय स्थापन झालें. तेथें आज सुमारें १,१०,००० बूट, सुमारें ३,८०० बॅगा आणि १२,००० हून अधिक स्वयंपाकाचीं भांडीं जतन केलेलीं आहेत. पुष्कळ बॅगांवर धन्याचें नांव रंगविलेलें आहे. बॅग आपणांस परत मिळेल, असें वाटल्यावांचून तिच्यावर नांव कोण घालील? परंतु एवढ्या मोठ्या ढिगापुढें मन बधिर होतें. ढीग संख्या सांगतो, माणूस सांगत नाहीं. तें काम या आठवणींचें आहे. एका चमच्याला एक हात आणि एका बुटाला एक पाय त्या परत देतात. लेवी १९८७ सालीं गेले, वीझेल २०१६ सालीं. स्वतःच्या तोंडानें हें सांगणारे आतां फार थोडे उरले आहेत. म्हणून या आंकड्यांबरोबर त्यांचीं पुस्तकेंहि वाचलीं पाहिजेत. नाहीं तर मेलेल्यांची मोजदाद राहील, ओळख राहणार नाहीं.